कानाचा वारसा

संगीताचे शिक्षण मुलाला कोणत्या वयापासून द्यावे, हा प्रश्न माझ्याकडे येणारे आईबाप इतक्या काळजीने विचारतात, की त्यांना एखादा आकडा सांगून मोकळे होणे मला कधीच प्रशस्त वाटले नाही. पेटीवर बोटे ठेवण्याचे वय वेगळे, अलंकार-पलटे घोटण्याचे वय वेगळे, आणि ज्या कानाच्या भरवशावर ही पुढची सारी विद्या उभी राहायची, त्या कानाच्या घडणीचे वय त्याहूनही वेगळे असते. ते बहुधा मूल माझ्या दारात येण्याच्या कितीतरी आधी, घराच्या उंबरठ्याच्या आत, आपण काही शिकवीत आहोत याची शिकवणाऱ्यालाही जाणीव नसताना येऊन गेलेले असते. सेवाग्रामच्या परिसरात मुलांना गाणे शिकवण्यात आणि भजनाला खंजिरीची साथ करण्यात माझे आयुष्य गेले. त्याअंती माझे मत असे ठरले आहे, की ज्याला गाण्याची जन्मभर पुरणारी ओढ लाभते, त्याला ती लहानपणी घरच्यांच्या गाण्यात आपला आवाज मिसळण्याची मुभा मिळाल्यामुळे लाभते; आणि त्यासाठी घरची माणसे गवई असावी लागत नाहीत.

आमच्या घरात गवई कोणीच नव्हते. थोडीशी कोरडवाहू जमीन, तीत पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी, आणि घरी पहाटेच्या अंधारात घरघरणारे जाते, एवढाच आमचा प्रपंच. गावात पिठाची गिरणी आल्यावरही माझी माय आणि आत्या कितीतरी दिवस घरच्या जात्यावरच दळीत असत. दोघी समोरासमोर पाय पसरून बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत, आणि फेऱ्याचा अर्धा भाग एकीने ओढला की उरलेला अर्धा दुसरीच्या हाती जाई. ओवीही तशीच चाले: मायने पहिली ओळ म्हणावी, आत्याने ती उचलावी, आणि दगडाच्या तोंडात ज्वारीची मूठ सोडण्यासाठी एकीचा हात खुंट्यावरून निघाला, की फेरा मंदावून ओवीतला एखादा स्वर आपोआप लांबावा. मायच्या मांडीवर डोके ठेवून पडलेल्या मुलाला त्या दळण्याची लय कानाबरोबरच पाठीच्या कण्यातूनही पोहोचत असे. पुढे ज्याला आम्ही विलंबित म्हणतो, त्याचे मर्म मला पुस्तकातून कळायला अवघड गेले नाही, याचे श्रेय मी त्या दगडाला आणि त्या दोन बायांना देतो. त्या ओव्या कोणी रचल्या हे त्यांना ठाऊक नव्हते. काही सासरी शिकलेल्या, काही माहेराहून आणलेल्या, आणि काही त्या त्या दिवशीच्या दुःखातून तेव्हाच्या तेव्हा उमटलेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या टिपून ठेवल्या, तेव्हा कोणत्याही संगीतशाळेच्या दप्तरी ज्यांचे नाव कधी चढले नव्हते, अशा बायांची केवढी मोठी विद्या आपल्या घराघरांत नांदत होती, याचा दाखला साऱ्या महाराष्ट्राला मिळाला.

बाबांचे गाणे संध्याकाळचे. गांधीजी 1936 साली ह्या गावात राहायला आले, तेव्हा हे गाव शेगाव म्हणून ओळखले जात होते. जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतले हे खेडे पुढे 1940 साली सेवाग्राम झाले. त्याच 1936 साली गांधीजींच्या निमंत्रणावरून तुकडोजी महाराज इथे सुमारे महिनाभर मुक्कामाला होते. बाबा तेव्हा पोरसवदा होते. महाराजांच्या हातातली खंजिरी ऐकून घरी परतलेल्या त्या पोराने पुढे आयुष्यभर ते वाद्य खाली ठेवले नाही, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. 1968 साली महाराजांनी मोझरीला देह ठेवल्याची वार्ता आली, त्या संध्याकाळी आमच्या मंडळींनी भजन थांबवले नाही, उलट ते उशिरापर्यंत चालू ठेवले. कारण ज्या पुरुषाने गावोगावच्या माणसांना एकत्र बसून प्रार्थना म्हणण्याचा शिरस्ता घालून दिला, त्याला याहून योग्य निरोप दुसरा कोणता देणार?

खंजिरी हे दिसायला अगदी साधे वाद्य आहे. लाकडाचे कडे, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेले चामडे, आणि कड्यातल्या खाचांत अडकवलेल्या पितळी चकत्यांच्या जोड्या; पण ह्या साधेपणात नादाचे किती प्रकार दडले आहेत, हे वाजवणाऱ्याच्या बोटांनाच कळते. काठावर पडलेली थाप टणक आणि उघडी येते, मध्यावरची खोल उमटते, आणि कडे नुसते हलवले तर चकत्यांची किणकिण ठेक्याच्या मधल्या जागा भरून काढते. श्रावणात हवा ओली झाली, की चामडे सैल पडून आवाज बसून जाई. मग बाबा चुलीतले निखारे पुढे ओढून खंजिरी त्यांवर हातभर उंच धरीत, ती हळूहळू फिरवीत, आणि मधूनमधून टिचकी मारून कान लावीत. ते काम पुढे माझ्याकडे आले. किती तापली म्हणजे पुरे, हे त्यांनी शब्दांत कधी सांगितले नाही. प्रत्येक वेळी टिचकीनंतर ते माझ्याकडे पाहत आणि मी मान हलवून होकार वा नकार द्यावा, अशी त्यांची अपेक्षा असे. आठ मात्रांचा भजनी ठेका हातात बसण्यापूर्वी चामड्याचा आवाज केव्हा उघडतो हे ओळखण्याचे काम ज्या मुलावर सोपवले गेले, त्याच्या कानावर घराने किती विश्वास टाकला होता, हे मला आज उमगते. हात शिवशिवू लागून मी मध्येच थाप मारू पाहिली, तर ते एवढेच म्हणत, "आधी आयक, बाबू, हात मंग उचल." माझ्या सगळ्या अध्यापनाचे सूत्र ह्या एका वाक्यात आहे.

जाते आणि खंजिरी ह्यांच्यानंतरची माझी तिसरी शाळा गांधीजींच्या आश्रमाची. सेवाग्रामच्या प्रार्थनाभूमीला छप्पर नाही. तिच्याजवळ गांधीजींनी 1936 साली लावलेला पिंपळ आहे, आणि त्या उघड्या जागेवर पहाटे व सायंकाळी प्रार्थनेला बसण्याचा रिवाज आजही चालू आहे. इथली प्रार्थना ज्या घडणीची आहे, तिचे मूळ साबरमतीच्या आश्रमात सापडते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे त्या आश्रमात राहिले, निरनिराळ्या भाषांतली आणि निरनिराळ्या संतांची पदे निवडून त्यांनी आश्रम-भजनावली सिद्ध केली, आणि 1930 च्या दांडीयात्रेतही ते पायी चालले. ज्या विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताला दरबाराबाहेर मानाचे स्थान मिळवून दिले, त्यांच्या शिष्याने ते संगीत शेतकरी, सूत काढणारे आणि मुले ह्यांच्या कंठापर्यंत आणून पोहोचवावे, ह्या परंपरेचे मोल संगीताच्या इतिहासात अजून पुरेसे नोंदले गेले आहे, असे मला वाटत नाही.

लहानपणी आम्हांला ह्यातले काहीच ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते ते एवढेच, की तिथे आधी काही क्षण सगळे निःशब्द बसतात, मग बौद्धांचा मंत्र, उपनिषदाचे वचन, स्थितप्रज्ञाची लक्षणे, कुराणातली आणि पारशी धर्मातली प्रार्थना, त्यानंतर एखादे भजन आणि शेवटी रामधून, असा क्रम असतो. अर्थ कळण्याआधी प्रत्येक भाषेचा नाद वेगळा असतो हे कानाला कळले, आणि परक्या भाषेच्या गाण्याला परके मानण्याची सवय आम्हांला लागलीच नाही. गांधीजींच्या काळी प्रार्थनेच्या वेळी आश्रमीयांची हजेरी होई आणि ज्याने त्याने आपल्या सुताचा हिशेब सांगावा असा दंडक होता, असे वडीलधारी माणसे आम्हांला सांगत. सुताच्या हिशेबाइतकाच नियम गाण्यालाही लावलेला असावा, आणि त्यात कोणाची गुणवत्ता विचारली जाऊ नये, ही गोष्ट मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटत आली आहे. मुलांचे पातळ आवाज, म्हाताऱ्यांचे थरथरते आवाज आणि थोडे बेसूर आवाजही त्या मैदानात सामावून जात. आणि बेसूर गळाही रोज चांगल्या गळ्यांच्या सान्निध्यात बसला, म्हणजे कोणी न टोकता हळूहळू स्वराच्या जवळ सरकतो, हे मी तिथे पाहिले.

सेवाग्रामहून पवनार फार दूर नाही. तिथल्या विनोबांच्या चरित्रात माझ्या ह्या मताला सर्वांत मोठा आधार सापडतो. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई घरकाम करताना सतत भजने म्हणत. मराठी आणि कानडीही. त्यांत त्या इतक्या तल्लीन होत, की भाजीत मीठ दोनदा पडे, अशी आठवण स्वतः विनोबांनीच सांगितली आहे. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत काही दे, असे त्यांनी मुलाला सांगितले. त्याने आणून दिलेले मराठी रूपही कठीण वाटले, तेव्हा तूच का करीत नाहीस, असे त्या म्हणाल्या. 1918 साली त्या गेल्या, आणि 7 ऑक्टोबर 1930 रोजी आरंभ करून 6 फेब्रुवारी 1931 रोजी विनोबांनी 'गीताई' पूर्ण केली. ती वाचून झाल्यावर मिटून ठेवण्याच्या पुस्तकासारखी नाही. ती म्हणायची असते, आणि वर्धा जिल्ह्यातली शाळकरी मुले तिचे श्लोक अजूनही चालीवर म्हणतात. स्वयंपाकघरात गाणाऱ्या एका बाईच्या कंठातून निघालेली ही ओढ तिच्या मुलाच्या लेखणीवाटे लाखो घरांत पोहोचली, याहून मोठा दाखला मी कोणता देऊ?

माझी शाळाही ह्याच भूमीवरची. 1937 साली वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात हस्तोद्योग, मातृभाषा आणि गणित ह्यांच्या पंक्तीला संगीतही होते. तो अभ्यासक्रम राबवणाऱ्या तालीमी संघाचे काम पाहणारे आशादेवी आणि आर्यनायकम् हे दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले. त्यामुळे तकलीच्या फिरत्या चातीबरोबर गाण्याची ओळ चालणे आम्हांला अगदी स्वाभाविक वाटे. गाण्याचा तास वेगळा आणि कामाचा तास वेगळा, ही वाटणी मला पुष्कळ उशिरा, दुसऱ्या शाळांत नोकरी करताना प्रथम भेटली.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो. घरच्या गाण्याने कलावंत घडतात काय? त्याचे उत्तर सरळ 'होय' असे देता येत नाही. गदगच्या भीमसेन जोशींच्या घरी आईच्या तोंडी भजने होती. पण तसे घर गावात ते एकटेच नसणार. गाण्याबजावण्याच्या मागे चालत जाऊन हा मुलगा वाटेत कुठेतरी झोपी जाई, म्हणून वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले होते. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्याने 1933 साली गुरूच्या शोधात घर सोडले. इतकी तळमळ कोणत्याही घराला वाटून देता येत नाही, आणि पुढची वाट गुरूवाचून सरत नाही. माझ्याच घरचे पाहिले, तर त्याच जात्याजवळ आणि त्याच चुलीपाशी वाढलेल्या माझ्या थोरल्या भावाने कधी वाद्याला हात लावला नाही; पण शेतातून थकून आल्यावर आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर चांगले गाणे लागले, की तो जेवण थांबवून ऐके, आणि निषाद कुठे कमी पडला हे नाव न घेता, नुसत्या भुवईने दाखवी. घराचे देणे एवढेच आहे आणि ते पुष्कळ आहे: ते गवई देईलच असे नाही, पण गाण्यावाचून ज्याला चैन पडत नाही असा माणूस ते खात्रीने देते.

हल्लीच्या मुलांच्या कानावर आमच्या पिढीपेक्षा कितीतरी अधिक संगीत पडते, आणि त्यात उत्तमही पुष्कळ असते, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु माझ्या वर्गात एखादे मूल दहा गाण्यांच्या चाली ओळखते आणि स्वतःचा आवाज काढण्याची पाळी आली, की आक्रसून जाते, तेव्हा त्याच्यासमोर घरचे कोणी कधी मोकळेपणी गायलेच नसावे, असा माझा तर्क होतो आणि तो बहुधा खरा ठरतो. यंत्रातला गवई चुकत नाही, दमत नाही आणि मुलाच्या ओळीसाठी थांबतही नाही. म्हणून मी वर्गात आधी वाद्य बाजूला ठेवतो. पुरुषाला पेटीची काळी एक ही पट्टी सोयीची आणि बाईला काळी चार किंवा पाच, मुलांचा गळा आणखी निराळा. तेव्हा सगळ्यांना एकत्र गाता यावे म्हणून मी लहान पल्ल्याचे, चार-पाच स्वरांतच फिरणारे पद निवडतो, मुलांच्या सोयीचा षड्ज धरतो, आणि आईबापांनाही सतरंजीवर बसवून घेतो. पहिले काही आठवडे मुले आपल्या आईकडेच पाहत गातात. तिचे ओठ हलले, की त्यांचा संकोच गळून पडतो. ह्या एका उपायाने जे साधते, ते माझ्या कोणत्याही पाठाने साधलेले नाही.

तेव्हा वाचकहो, आपल्या मुलाला गाण्याची गोडी लागावी असे वाटत असेल, तर शिकवणीची चौकशी अवश्य करा, चांगला गुरू मिळाला तर त्याच्या पायाशी मुलाला बसवा. पण त्याआधी तुम्ही स्वतः गा. आजीची ओवी, शाळेतली प्रार्थना, आरती, जे येत असेल ते, पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, दिवेलागणीला, मुलाच्या कानावर पडेल असे म्हणा. आवाज चांगला नाही ही सबब सांगू नका. मुलाला तुमचा आवाज पारखायचा नसतो, त्यात आपला मिसळायचा असतो. आणि त्याने आपली ओळ उचलली, की ती पूर्ण होईपर्यंत थांबा.