रिपोर्ट नॉर्मल होते

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. आता ऊठ आणि चाल!” माझ्या धाकट्या भावाला मी असं बोलले होते. वर्गात मुलांना समजून घेणारी मी, घरात मात्र चुकले.

भाऊ 36 वर्षांचा आहे. त्याला लहानपणापासून ऑटिझम आहे. गर्दी, मोठे आवाज, ठरलेल्या गोष्टीत अचानक झालेला बदल त्याला सोसत नाही. घरात लग्न झालं, आठवडाभर पाहुण्यांची वर्दळ होती. त्यानंतर एका सकाळी त्याचा उजवा पाय उचलेचना. आम्ही तातडीने दवाखाना गाठला. एमआरआयमध्ये काही निघालं नाही. मग कोणी म्हणालं नाटक, कोणी म्हणालं असर. अम्मी रात्र रात्र दुआ करत बसायची.

शेवटी मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांनी त्याला झोपवून उजवी टाच खाली दाबायला सांगितली. जोर लागला नाही. मग डावा पाय वर उचलायला सांगून त्यावर हाताने दाब दिला. त्याच क्षणी उजवी टाच आपोआप गादीत रुतली! हूवर या अमेरिकन डॉक्टरांनी 1908 मध्ये ही खूण नोंदवली होती. “पायात ताकद आहे, पण ठरवून हलवायला गेलं की मेंदूचा हुकूम वाटेत अडतो. हे ढोंग नव्हे,” डॉक्टर म्हणाले. भाऊ हळूच म्हणाला, “आपा, मी खोटं बोलत नव्हतो.” माझी मान खाली गेली.

या आजाराला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी त्यालाच हिस्टेरिया म्हणून हिणवत. झटके, थरथर, वाचा जाणं अशीही त्याची रूपं असतात. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांत तो तुलनेने जास्त आढळतो, पण “त्याचं तसंच असतं” म्हणून दुर्लक्ष होतं.

फिजिओथेरपीत भावासाठी थोडे बदल केले. शांत खोली, रोजची एकच वेळ, एका वेळी एकच सूचना, तीही कागदावर लिहून. पायाकडे लक्ष न देता आकडे मोजत चालायचं. चार महिन्यांनी तो कोपऱ्यावरून दूध आणू लागला. थकला की पाय अजूनही ओढतो.

तेव्हा आता मी “ऊठ” म्हणत नाही. पंखा कमी करते, दार लोटते आणि शेजारी बसते.