वेज

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला गारगोटीचं कौतुक नाही. नांगराच्या फाळाला ती खटकन लागते, मग शिवी हासडून तिला बांधावर भिरकावायचं. पोरं मात्र त्यातल्या दोन गुपचूप खिशात घालतात. रात्री गोधडीखाली एकमेकींवर घासल्या की आतल्या आत पिवळसर उजेड लुकलुकतो आणि नाकात करपट वास शिरतो. माझी रत्नपारख अशी गोधडीखाली सुरू झाली.

त्यामुळे जालन्याच्या बाजारात कुणी ‘नॅचरल स्टोन’चं ब्रेसलेट पुढे केलं की मला बांध आठवतो. जालना जिल्हा सगळा काळ्या पाषाणावर बसलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंडावताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत सिलिकाचं पाणी झिरपत राहिलं, थरावर थर चढले आणि अकीक तयार झाला. मधे जागा उरली तिथे स्फटिकांना टोकं फुटली. लोहाचा अंश आणि किरणोत्सर्ग जुळून आला तिथे तेच स्फटिक जांभळे झाले.

विक्रेता यातलं काही सांगत नाही. हा मणी शनीसाठी, तो रागावर, हिरवा पैशासाठी. मी ऐकून घेतो आणि मण्याचं भोक बघतो. रंगवलेल्या अकीकात रंग बऱ्याचदा भोकाच्या कडेला आणि बारीक भेगांत गडद साचलेला दिसतो. मण्याची लबाडी उघडी पडते ती तिथेच. त्याची खरी मिजासही तिथेच आहे.

अकीक इतका कठीण, की चाकूचं पोलाद त्याच्यावर ओरखडा उठवू शकत नाही. त्याला वेज पाडायचं म्हणजे गंमत नव्हे. गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर कमानीच्या सामत्याला हिऱ्याच्या बारीक कण्या बसवत, वर पाण्याची धार ठेवत आणि कमान पुढे-मागे ओढत राहत. मणी दोन्ही बाजूंनी भोसकायचा. दोन भोकं पोटात नेमकी भेटली पाहिजेत. जरा हात चुकला की मण्याचे दोन तुकडे, आणि आधीची घडाई, घासाई सगळी पाण्यात.

ही विद्या आपल्याला परकी नव्हती. जालना जिल्ह्यातलंच भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत हे नाव आहे. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ साली तिथे उत्खनन केलं. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नातं सांगणारा तुकडा निघाला, त्याचा गाजावाजा झाला. मणीही निघाले, त्यांत अकीकाचे होते. त्यांचा झाला नाही. ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वर्णनाचा पहिल्या शतकातला ग्रीक लेखक मात्र मराठवाड्यातल्या दगडाची दखल घेतो. पैठणहून भडोच बंदरापर्यंत वीस दिवसांची वाट, आणि वाट कसली, आडरानच. त्यातून गाड्या भरभरून ऑनिक्स, म्हणजे पट्टेदार अकीक, जात असे. ज्याला आपण बांधावर फेकतो त्याच्या जातीचा माल समुद्रापार जाण्याच्या लायकीचा होता.

आता बरीचशी भोकं यंत्र पाडतं. ‘हस्तकला’ म्हणायला उरते ती रबरी दोऱ्यात ओवण्याची आणि गाठ मारण्याची. त्यालाही हात लागतोच, नाही म्हणत नाही. पण दगडाचं वय, रंग, पट्टे ही सगळी जमिनीची कमाई. माणसाने त्यात घातलं ते एक बारीकसं रिकामपण. त्याच्याविना दगड हातात धरता येतो, हातावर घालता येत नाही.

म्हणून दुकानात मी एवढंच विचारतो, “वेज कुणी पाडलं?” उत्तर सहसा येत नाही. शनीचा भाव मात्र पाठ असतो. मी तो देत नाही. ग्रहांचं ग्रह बघतील. द्यायचीच तर वेज पाडणाऱ्याची मजुरी द्यावी.