पूर्णाकाठची भुरी

म्हैस म्हटली की काळीकुळकुळीत, हे पूर्णेच्या काठी खरं नाही. शेगावहून वरवट बकालकडे जाताना खिरोड्यापाशी पूर्णा ओलांडली की संग्रामपूर तालुका लागतो. इथल्या कोठ्यांत फिकट तपकिरी, काही तर चक्क पांढुरक्या म्हशी रवंथ करत बसलेल्या दिसतात. मध्यम बांधा, मागे गेलेली लांब शिंगं, शेपटीचा गोंडा पांढरा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं ‘पूर्णाथडी’ या नावानं ही जात नोंदवली आहे. गावात तिला भुरी म्हणतात, आणि या काठच्या एका घरातल्या म्हशीचं नावही तेच होतं.

भुरी त्याच कोठ्यात जन्मली. घरातल्या आजीनं वार पडायची वाट न बघता वगारीला चीक पाजला. हे महत्त्वाचं, कारण रेडकू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी झुंजायला काही नसतं. जे मिळतं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात उतरतं. दोनेक आठवड्यांनी वगार मलूल झाली, मातकट रंगाची, घाण वासाची हगवण लागली. ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शेण पाहिलं आणि जंताचं औषध दिलं. म्हशीच्या पिल्लांना हे गोलजंत आईच्या दुधातूनच येतात. किती घरांत अशी रेडकं ‘नजर लागली’ म्हणून जातात!

तो दवाखाना म्हणजे जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची इमारत, पुढे लिंबाचं झाड आणि लोखंडी खोडा. सकाळी तिथं खांदा सुजलेला बैल असतो, पोट फुगलेली शेळी असते, रेबीजच्या लसीसाठी सुतळीनं बांधून आणलेलं कुत्रं असतं. कोपऱ्यात द्रवरूप नत्राचं पिंप. त्यात उणे १९६ अंशांवर रेतनाच्या कांड्या ठेवलेल्या. भुरी माजावर आली तेव्हा तिलाही याच खोड्यात उभं केलं.

माज ओळखणं मात्र आजीचंच काम. म्हशीचा माज मुका. गाईसारखी ती हंबरत नाही, उड्या मारत नाही. त्यातून तो बहुधा रात्रीचा किंवा पहाटेचा. तो हुकला की एकवीस दिवस गेले. आजी पहाटे कंदील घेऊन कोठ्यात जाई, शेपटीखालचा सोट बघे आणि नातवाला उठवी. कांडी कुठली लावायची यावर घरात वाद झाला. आजीच्या मुलाला मुऱ्हा जातीची हवी होती, दूध वाढतं म्हणून. आजी ऐकेना. “आपल्या उनात टिकन ते पाहा,” एवढंच ती म्हणे. म्हशीच्या कातडीत घर्मग्रंथी फार कमी, आणि इथला उन्हाळा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. पूर्णेतलं डबरं आटलं की आजी भुरीच्या पाठीवर ओलं पोतं टाकत असे. खारपाणपट्ट्यात कमी चाऱ्यावर, तापल्या उन्हात उभी राहणारी ही जात संकरात हरवली तर परत मिळणार नाही. आजीचा हट्ट बरोबर होता.

तिसऱ्या वेताला घरावर खरा प्रसंग आला. भुरी रात्री व्यायली, वार पडली, सगळं नीट झालं. सकाळी ती उठेना. कान गार, नाक कोरडं, मान वळवून कुशीवर टेकवलेली. शेजाऱ्यांनी गूळपाणी आणि तेल आणलं. नातवानं डॉक्टरांना फोन लावला, आजीनं तो हिसकून घेतला.

“साहेब, भुरीनं मान टाकली वो. उठूनच नाही राह्यली.”

“आजी, तिच्या तोंडात थेंबभर काही घालू नका. पोत्यांचा टेकू द्या, आडवी पडू देऊ नका. निघालोच.”

हा दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण अंग उलट गार पडतं. व्यायल्यावर चिकासाठी रक्तातलं कॅल्शियम एकाएकी कासेत जातं, हाडांतून तितक्या लवकर भरून येत नाही, आणि स्नायू काम करेनासे होतात. गिळताही येत नाही, म्हणून पाजलेलं गूळपाणी फुफ्फुसात शिरतं. मग आजारापेक्षा उपचारानंच जनावर मरतं.

डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली. मानेच्या शिरेत सुई गेली. नातू बाटली धरून उभा, डॉक्टरांचा एक हात नळीवर, कानाला लावलेला स्टेथोस्कोप छातीवर. औषध भरभर गेलं तर हृदयच थांबतं, म्हणून धार अगदी बारीक. अर्धी बाटली गेली तेव्हा भुरीच्या मांडीचे स्नायू थरथरले. मग ढेकर आला. कोरड्या नाकावर घामाचे बारीक थेंब उमटले, शेण पडलं, आणि थोड्या वेळानं ती मागचे पाय सावरत उभी राहिली. रेडकू लगेच कासेला भिडलं. “दोन दिवस कास पूर्ण पिळू नका,” डॉक्टर म्हणाले. पुढच्या गाभणपणात शेवटच्या आठवड्यांत भरमसाट कॅल्शियम पाजायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. त्यानं हाडांतून कॅल्शियम काढायची शरीराची तयारीच मोडते.

त्यानंतर भुरी आणखी वेतं व्याली. शेवटी भाकड झाली तेव्हा व्यापारी दारात आला. २०१५चा गोवंश हत्याबंदीचा कायदा म्हशीला लागू नाही, त्यामुळे भाकड म्हशीलाही गिऱ्हाईक असतंच. घराला पैशाची गरज होती, तरी भुरी विकली नाही. सोयाबीनचं कुटार आणि मूठभर ढेप तिला शेवटपर्यंत मिळाली. ती खुंट्यावरच म्हातारी होऊन गेली. तिची नात आज त्याच दाव्याला आहे, रंगानं तशीच फिकट.

म्हैस पाळणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. घटसर्प म्हशीला गाईपेक्षा जास्त धरतो. गळा सुजला की दिवसभराचीही उसंत मिळत नाही. तेव्हा लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या. आणि ताजी व्यालेली म्हैस बसली, उठेना, तर तिच्या तोंडात काहीही न ओतता आधी दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.