रोजच्या अडीचशे किलोमीटरसाठी मोठी गाडी

कोलकाता ते खरगपूर हे अंतर सुमारे 130 किलोमीटर. नोकरीनिमित्त ते रोज जाऊन-येऊन कापायचे असेल, तर मोठ्या एसयूव्हीची निवड सर्वात आधी रनिंगवर ठरते. महिन्याला पाच-सहा हजार, वर्षाला साठ-सत्तर हजार किलोमीटर सहज होतात. 'तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते' अशी वॉरंटी मग दोन वर्षेही पुरत नाही. दहा हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग दर दोन महिन्यांनी दारात उभी राहते आणि टायरचा संच वर्षभरात झिजतो. वाढीव वॉरंटी घेताना म्हणून किलोमीटरची अट वाचावी. वर्षांचा आकडा अशा ग्राहकासाठी केवळ शोभेचा असतो.

रस्ता ओळखीचा करून घेणे ही पुढची पायरी. 1992 मध्ये खुला झालेला विद्यासागर सेतू ओलांडला की कोना एक्स्प्रेसवे, संत्रागाछी, मग धूलागढ, उलुबेरिया, बागनान, कोलाघाटचा रूपनारायणवरचा पूल आणि डेबरा. धूलागढपासूनचा हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग 16 आहे. जुन्या क्रमांकानुसार तो 6, म्हणजे धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर करत येणारा तोच रस्ता. सुरुवातीचा संत्रागाछीपर्यंतचा टप्पा सर्वात छोटा आणि सर्वात छळणारा. प्रस्तुत लेखक कोलकात्यातल्या भवानीपूरहून ही ये-जा करतो, आणि त्याच्या मते ऑटोमॅटिक गिअर ही चैन नाही याची खात्री याच टप्प्यात पटते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रोज तासभर क्लच दाबणारा गुडघा संध्याकाळी बोलू लागतो.

मोठ्या गाड्यांत खरा भेद बांधणीचा. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एन या लॅडर फ्रेमवर उभ्या आहेत: खाली पोलादी सांगाडा, वर बॉडी. एक्सयूव्ही 700 आणि सफारी या मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच. खडकाळ वाट, चिखल, जड ओझे यांसाठी फ्रेमची गाडी उजवी. पण महामार्गावर वेगळेच प्रश्न येतात. उड्डाणपुलाच्या सांध्यावरून नव्वदच्या वेगाने जाताना मोनोकॉक गाडी एकदा 'धप्' करते आणि सावरते. फ्रेमच्या गाडीत त्या धक्क्यामागून एक बारीक थरथर येते आणि कमरेपर्यंत पोचते. एका सहलीत हे जाणवत नाही, महिनाभरात जाणवते. केवळ डांबरी चौपदरी-सहापदरी रस्त्यासाठी फ्रेमच्या गाडीचा हट्ट धरणे या लेखकाला पटत नाही, मग तिचा रुबाब कितीही असो.

इंधनाच्या बाबतीत डिझेलला पर्याय कमीच. एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियमांमुळे डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर आला. शहरात रांगत चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो. लांब, सलग पळणाऱ्या गाडीत तापून आपोआप साफ होतो. सहा हजार किलोमीटरच्या महिन्यात लिटरला 12 ऐवजी 14 चे ॲव्हरेज मिळाले तर सत्तर लिटर डिझेल वाचते. उंच गाडी वारा फार अडवते: 80 वरून 100 वर गेले की हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. शंभर किलोमीटरमागे कागदावर पंधरा मिनिटे वाचतात, आणि तीही पुढच्या टोलनाक्याच्या रांगेत जातात.

ओव्हरटेकसाठी कमाल वेगापेक्षा 60 ते 100 मधला जोर महत्त्वाचा, कारण ओझ्याने वाकलेले ट्रक उजवी लेन धरून चालतात. त्याहून धोक्याचे असतात डाव्या कडेला दिवे न लावता उभे असलेले ट्रक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे नदीकाठी धुके उतरते तेव्हा ते शेवटच्या क्षणी दिसतात. म्हणून हेडलाइट आणि ब्रेक अंधारात चालवून पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नये; दुपारी शोरूमभोवती मारलेली फेरी कामाची नाही. पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल मोकळ्या रस्त्यावर पाय हलका करतो खरा, पण राखलेल्या अंतरात लगेच कुणीतरी घुसते, आणि उलट्या दिशेने येणाऱ्या टोटोपुढे, म्हणजे ई-रिक्षापुढे, त्याच्यावर विसंबणे वेडेपणाचे.

आसन तासभर बसून पाहावे. मांडीखाली पुरेसा आधार नसेल तर कोलाघाटला चहासाठी थांबण्याची गरजच पडते, निमित्त लागत नाही.

शहराची अट वेगळी. या गाड्या साधारण 1.9 मीटर रुंद. भवानीपूरच्या जुन्या गल्लीत आरसे मिटूनच शिरावे लागते, आणि दुर्गापूजेच्या दिवसांत बांबूचे कठडे लागले की गाडी लांब उभी करून चालत घर गाठावे लागते. उंचीचा उपयोग मात्र पावसाळ्यात कळतो. 23 सप्टेंबर 2025 ला शहर बुडाले त्या दिवशी छोट्या गाड्या जागोजागी बंद पडल्या होत्या. तरीही पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर असेल तर उंच गाडीनेही मागे फिरावे, कारण इंजिनात शिरलेल्या पाण्याचा खर्च साधा विमा सहसा देत नाही.

किंमत उरते. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट 40 टक्के जीएसटी आहे. पूर्वी उपकर धरून तो 50 टक्क्यांपर्यंत जाई. वाचलेला पैसा सनरूफवर घालण्यापेक्षा टायर आणि वाढीव वॉरंटीसाठी बाजूला ठेवावा. तीन वर्षांनी मीटरवर दोन लाख दिसतील तेव्हा जुन्या बाजारात भाव पडलेला असेल. हिशेब करताना विक्रीची किंमत जवळजवळ नसल्यासारखीच धरावी.