बैठकीत आधी मावशींनी बोलावे

‘मीटिंग’ हा शब्द ऐकला की लांबट टेबल, थंड झालेला चहा आणि घड्याळाकडे वळणाऱ्या नजरा आठवतात. आपण बँकेत, शाळेत किंवा कचेरीत उभी हयात काढली असेल, तर अशा किती बैठकांना नुसते हजर राहिलात याचा हिशेब न मांडलेलाच बरा. तरीही आज मी बैठकीविषयीच लिहिते आहे. ज्यांच्या हाती आपल्या म्हातारपणाची काळजी असते, त्या माणसांच्या बैठकीत बोलले जाते की नुसते बसले जाते, याचा थेट परिणाम आपल्या प्रकृतीवर होतो.

रुग्णालयातील परिचारिकेची नोकरी संपल्यावर मी काही वर्षे एका वृद्धनिवासात शुश्रूषा विभाग सांभाळला. तेथे दर सोमवारी दुपारी ३ वाजता कर्मचाऱ्यांची बैठक होई. व्यवस्थापक परिपत्रके वाचत, गैरहजेरी आणि गणवेश यांवर बोलत, शेवटी ‘कोणाला काही सांगायचे आहे का?’ असे विचारत आणि उत्तराची वाट न पाहता वही मिटत. रात्रपाळी करून घरी गेलेल्या मावशी त्यासाठी झोप मोडून, दोन बस बदलून येत आणि भिंतीला टेकून बसत. त्यांचे डोळे मिटले, तर त्यांना बोल कसा लावावा? बैठकीत रंग भरावा म्हणून मध्यंतरी अंताक्षरी झाली, वाढदिवसाचे केक झाले. केक संपला की पुन्हा तीच शांतता.

करमणुकीने बैठकीत रस निर्माण होतो, असे मला कधीच वाटले नाही. आपल्या सांगण्याने काही बदलते, हा अनुभव आला की माणूस आपण होऊन बोलू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी तपासणी-यादी जाहीर केली. त्या कामाचे नेतृत्व करणारे अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांच्या वडिलांचे मूळ गाव आपल्या विदर्भातले. त्या यादीत एक साधी गोष्ट आहे : छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. सुरुवातीला ज्या परिचारिकेला आपले नाव उच्चारण्याची संधी मिळते, ती पुढे काही चुकताना दिसले तर ते बोलून दाखवण्याची शक्यता वाढते, असे गावंडे यांनी आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. शस्त्रक्रियागृहात हे खरे असेल, तर आमच्या मावशींच्या बाबतीत का नसावे?

व्यवस्थापकांची समजूत घालून आम्ही सोमवारची बैठक बंद केली. परिपत्रके फलकावर गेली. त्याऐवजी रोज सकाळी पाळी बदलताना, व्हरांड्यात उभ्या उभ्या, १५ मिनिटे जमायचे ठरले. ही वेळ कामाच्या तासांत धरावी, याबद्दल मी हट्ट धरला. पदरमोड करून आलेल्या माणसाकडून उत्साहाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. आधी रात्रीच्या मावशींनी बोलायचे, मग दिवसाच्या, मग सिस्टरांनी आणि सर्वांत शेवटी मी. मोठ्या हुद्द्याच्या माणसाने आधीच ‘सर्व ठीक’ म्हटले, तर त्याविरुद्ध कोण बोलणार? प्रश्न एकच असे : ‘रात्री कोणामध्ये काय वेगळे दिसले?’

पहिले काही दिवस ‘काही नाही, सगळे झोपले होते’ एवढेच उत्तर येई. मग एके सकाळी एक मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या, “कोपऱ्यातल्या खोलीतले आजोबा हल्ली रात्री तीन-चारदा उठतात. मला त्रास नको म्हणून बेल दाबत नाहीत. उठल्यावर पहिली दोन पावले भिंत धरून टाकतात.” आजोबांच्या कागदांवर यातले काहीच नव्हते, बसवून मोजलेला रक्तदाब उत्तम होता. डॉक्टरांनी तो आधी आडवे असताना आणि मग उभे करून मोजला, तेव्हा चांगलाच घसरलेला आढळला. शिवाय लघवीची गोळी ते संध्याकाळी घेत होते. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आली, रात्रीचा मंद दिवा आला आणि उठण्यापूर्वी जरा वेळ पलंगाच्या कडेला बसायची सवय आजोबांनी कुरकुरत का होईना लावून घेतली. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले म्हणजे काय होते, हे आपणांस सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर एवढेच सांगितले : “मावशींनी पाहिले, म्हणून गोळीची वेळ बदलली.” त्या सकाळी आणखी तिघी बोलल्या. एक आजी रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारी चारनंतर पाण्याला शिवतच नाहीत, हेही तेव्हाच कळले. रोज असे काही निघत नसे. पुष्कळदा पाच मिनिटांत सारे आटोपे आणि मावशींना आधीची बस मिळे.

आपल्या घरी दिवसाची आणि रात्रीची मदतनीस येत असेल, तर त्यांची भेट बहुधा दारात, पायात चपला असतानाच होते. त्यांना दहा मिनिटे आत बसवा, चहा आधी द्या आणि जाणारीला प्रथम बोलू द्या. ज्यांची शुश्रूषा चालली आहे त्यांनाही त्यात बसवा. त्यांच्या डोक्यावरून बोलू नका. औषधाची वेळ मात्र आपल्या मनाने बदलू नका, ते डॉक्टरांवर सोडा. आणि आपण स्वतःच ते आजोबा किंवा आजी असाल, तर ‘कशाला कोणाला त्रास’ हे वाक्य त्या दहा मिनिटांपुरते तरी बाजूला ठेवा.

वृद्धनिवास निवडताना आपण खोल्या पाहतो, जेवण चाखतो, बाग पाहतो. ते झाल्यावर एखाद्या मावशींना सहज विचारा, “या आठवड्यात तुम्ही साहेबांना काय सांगितलेत आणि पुढे त्याचे काय झाले?” त्यांना काहीच आठवले नाही, तर बाग कितीही सुंदर असो, आणखी एखादे ठिकाण पाहून या.