कुलाबा टर्मिनस, एकास एकशे साठ

(१) वाचकहो, या धाग्यांमधून आपण आजवर किल्ले, गिरण्या, गोद्या आणि ट्रामगाड्या पाहिल्या. आजचा विषय अधिक घरगुती आहे. कफ परेडच्या मच्छीमार नगरातील माझ्या घराच्या पोटमाळ्यावर एक रेल्वे स्थानक उभे राहत आहे. खरे स्थानक ९० वर्षांहून अधिक काळापूर्वी बंद झाले. माझे अद्याप पुरे झालेले नाही. काम का रखडले आणि पुन्हा कसे सुरू झाले, त्याची ही हकिगत. धागा मोठा आहे.

(२) प्रथम इतिहास. पश्चिम रेल्वेची लोकल आज चर्चगेटला थांबते. पूर्वी ती थांबत नसे, पुढे कुलाब्याला जाई. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बीबीसीआय कंपनीचे रूळ १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोहोचले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी धावली. १८७० मध्ये चर्चगेट स्थानक झाले आणि त्या दशकात रूळ कुलाब्यापर्यंत गेले.

(३) १८९६ मध्ये कुलाब्याला नवे, ऐसपैस टर्मिनस बांधले गेले. चर्चगेट सोडल्यावर गाडी बॅकबेच्या कडेने दक्षिणेस येई. एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला समुद्र. नरिमन पॉइंट नव्हता, आजची उंच कफ परेड नव्हती. जिथे आज कचेऱ्यांच्या इमारती आहेत तिथे पाणी होते.

(४) मग आली बॅकबे भरावाची योजना. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात ती हाती घेतली गेली आणि तिच्या खर्चाने व गैरव्यवहाराने इतकी गाजली की 'लॉइडचा मूर्खपणा' असे नाव तिला चिकटले. ते प्रकरण चव्हाट्यावर आणणारे खुर्शेद नरिमन. पुढे त्याच भरावावरील टोकाला त्यांचे नाव मिळाले. किनाऱ्याची रेल्वे या नव्या नकाशात बसेना. १८ डिसेंबर १९३० रोजी लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी बॉम्बे सेंट्रल सुरू झाले आणि वर्षअखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले.

(५) स्थानकाच्या जागेवर आज रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, बधवार पार्क. रेल्वे मंडळाचे अध्यक्ष राहिलेले फतेहचंद बधवार यांचे नाव तिला आहे. आमची वस्ती तिच्या शेजारीच. लहानपणी मला प्रश्न पडे की जवळपास एकही रूळ नसताना रेल्वेची एवढी मोठी वसाहत समुद्राकाठी कशी? उत्तर मिळाले ते महाविद्यालयात, एका जुन्या नकाशात. त्यावर आमच्या शेजारी 'स्टेशन' असे लिहिले होते.

(६) तोवर छोट्या रेल्वेचे वेड लागलेले होतेच. त्याचे मूळ पुण्यात. कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालेले. शाळेच्या सहलीत ते पाहिले. अंधार होतो, घराघरांत दिवे लागतात, सर्कशीच्या तंबूजवळून गाडी निघून जाते. मुले गाडीकडे बघत होती. मी पाहत होतो ते गाव. एका माणसाने एक संपूर्ण शहर टेबलावर मांडले होते.

(७) आता थोडे गणित. अशा प्रतिकृतींची प्रमाणे ठरलेली असतात. सर्वांत रूढ म्हणजे एचओ, एकास ८७. त्याहून लहान ते एन, एकास १६०. चर्चगेट ते कुलाबा हे अंतर सुमारे २ किलोमीटर. एचओ प्रमाणात त्याचे २३ मीटर होतात, एनमध्ये साडेबारा. आमचा पोटमाळा १२ फुटांचा, म्हणजे साडेतीन मीटरांहून थोडा अधिक. प्रमाण एन घेऊनही अंतर साडेतीन पट आवळावे लागणार होते.

(८) यावरचा उपाय या छंदात जुना आहे : सगळे दाखवायचे नाही, निवडायचे. मी तीन फळ्या ठरवल्या, प्रत्येकी ४ फूट बाय दीड फूट. पहिलीवर चर्चगेट आणि एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली बीबीसीआयची मुख्य कचेरी. दुसरीवर किनारा. तिसरीवर कुलाबा टर्मिनस. मधले सारे गाळले.

(९) दुसरी तडजोड रुळांची. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर, म्हणजे या प्रमाणात साधारण साडेदहा. बाजारात मिळणारा एनचा रूळ ९ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या अरुंद गेजवर बेतलेला आहे. दीड मिलिमीटरची ही खोट स्वीकारायची की प्रत्येक रूळ हाताने घडवायचा? मी खोट स्वीकारली. घडवायला बसलो असतो तर आज हा धागा लिहायला काही उरले नसते.

(१०) वर्ष निवडले १९२९. कारण मोहाचे होते. ५ जानेवारी १९२८ पासून या मार्गावर १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर विजेच्या गाड्या धावू लागल्या. प्रतिकृतीची गाडीही एकदिश प्रवाहावरच चालते, फक्त १२ व्होल्टच्या. शिवाय वाफेची इंजिनेही तेव्हा होतीच. दोन्ही युगे एका फलाटावर! कागदावर हे फार सुंदर दिसले.

(११) प्रत्यक्षात विजेची गाडी म्हणजे खांब, आणि खांबांवर तारा. लोहार चाळीतून बारीक तांब्याची तार आणली, लॅमिंग्टन रोडवरून डाख देण्याचे साहित्य. एका संध्याकाळी दोन खांब होत. लागणार होते ९० हून अधिक. अकराव्या खांबानंतर मी पोटमाळ्यावर जाण्याची कारणे चुकवू लागलो. आज उशीर झाला, आज ऊन आहे, आज दिवा नीट नाही. छंद सुटतो तेव्हा कुणी तो सोडल्याचे जाहीर करत नाही. शिडी चढणे तेवढे बंद होते.

(१२) त्यातच एका जुलैमध्ये भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. घरात पाणी शिरले. रंगकामासाठी खाली आणून ठेवलेली तिसरी फळी दोन दिवस ओली राहिली आणि प्लायवूड पापडासारखे फुगले. कुलाबा टर्मिनसचा पुठ्ठ्याचा फलाट उचलताना हातात तुटला. ज्या स्थानकाला समुद्र बुजवण्याच्या योजनेने घालवले, त्याच्या प्रतिकृतीत समुद्राचे पाणी शिरले होते. विनोद कळला, पण हसू आले नाही. उरलेले सामान मी गोणपाटात बांधले. पुढची दोन वर्षे ते तसेच पडून होते.

(१३) गोणपाट सोडले बाबांनी. मासेमारी-बंदीचे दिवस होते, जून-जुलैचे. बाबांचे दर्यावर जाणे त्याआधीच थांबले होते, गुडघ्यांमुळे. जाळे विणायला नव्हते, होडी विकून झालेली. दिवसभर दारात बसत, बोलत फार कमी. एका दुपारी घरी आलो तर दुसरी फळी, किनाऱ्याची, त्यांनी मांडीवर घेतली होती. बराच वेळ पाहून म्हणाले, "गारी हाय, टेसन हाय. मंग होरी का नाय?"

(१४) मी समजावू लागलो. हे १९२९ आहे, भरावाचे काम चालू आहे, रेल्वेच्या नकाशात होड्या दाखवत नाहीत. ते म्हणाले, "किनारा हाय ना? मंग होरी असनारच." मी गप्प झालो. माझ्या फळीवर रुळांच्या पलीकडे केवळ निळा रंग होता. रेल्वेच्या नकाशातही तिथे कोरी जागाच असते. कोळ्याच्या घरात जन्मून मी ती कोरी जागा जशीच्या तशी उतरवून घेतली होती.

(१५) त्या रात्री वर्ष बदलले. १९२९ ऐवजी १९१०. बॅकबेचा मोठा भराव अजून दूर, रुळांलगत पाणी, आणि कफ परेड नुकतीच आखलेली. विजेची गाडी नाही, म्हणून खांब नाहीत, तारा नाहीत. ८० खांबांचे ओझे एका आकड्याने उतरले. हे आधी का सुचले नाही? कारण मी यंत्र पाहत होतो, जागा नव्हे.

(१६) बाबांनी होड्या घेतल्या. तीस फुटी होडी या प्रमाणात जवळपास पावणेसहा सेंटिमीटरची होते. घरात जुन्या होडीच्या फळीचा तुकडा होता, त्यातून त्यांनी नऊ कोरल्या. प्रत्येकीची नाळ वेगळी. मी एकाच साच्यातून ओतून काढू म्हटले, तर त्यांनी ऐकलेच नाही. बोंबील वाळवण्याची वलांडी काड्यापेटीच्या काड्यांची, डोल जाळे जुन्या मच्छरदाणीचे.

(१७) इथे इतिहासाशी प्रामाणिक राहायला हवे. १९१० मध्ये नेमक्या त्या जागी नऊ होड्या होत्या, असा कागद माझ्यापाशी नाही. बाबांचे म्हणणे हा तर्क आहे, पुरावा नव्हे. म्हणून रूळ आणि इमारती डिंकाने चिकटवल्या आहेत, होड्या नुसत्या ठेवल्या आहेत. पुरावा मिळाला तर त्या सरकतील. बाबा मात्र रोज संध्याकाळी भरती-ओहोटी पाहून त्या सरकवतात.

(१८) उत्साह कसा टिकवायचा, असे तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. कुणी किल्ल्याची प्रतिकृती करत असते, कुणी गावाचा इतिहास लिहीत असते. माझ्यापुरते चार नियम आहेत. पहिला, गाडी आधी धावली पाहिजे, भले उघड्या प्लायवूडवर. दुसरा, एकावेळी एकच फळी. तिसरा, वहीत दहा मिनिटांत होणाऱ्या कामांची यादी ठेवायची आणि थकलेल्या दिवशी त्यातले एकच करायचे.

(१९) चौथा नियम खाऱ्या हवेने शिकवला. प्रतिकृतीच्या गाडीला वीज रुळांतून, चाकांमार्फत मिळते. आमच्या वस्तीत आठवडाभर रूळ न पुसता राहिले की त्यांवर थर बसतो आणि गाडी जागीच आचके देते. म्हणून दर रविवारी सकाळी खोडरबराने रूळ पुसून गाडी चालवायचीच, काम झालेले असो वा नसो. आता शेजारची मुले त्या वेळी शिडीखाली जमतात. ती येतात, म्हणून मला वर चढावेच लागते.

(२०) तिसरी फळी नव्याने केली आहे, या खेपेस जलरोधक प्लायवूडची, आणि ती टांगलेली असते. टर्मिनसचे छप्पर अर्धेच आहे. परवा एका मुलाने विचारले, "काका, गाडी इथून पुढे कुठे जाते?" मी म्हणालो, इथेच संपते. बाबा खालून म्हणाले, "फुडं दर्या हाय, होरीनं जायाचं."

(२१) धागा इथे थांबवतो. एक विनंती. कुणाच्या घरी १९३० पूर्वीच्या कुलाबा स्थानकाचे किंवा चर्चगेट-कुलाबा किनाऱ्याचे छायाचित्र असेल, तर अवश्य कळवा. मला छपराच्या कैच्या पाहायच्या आहेत. आणि चित्रात पाणी दिसत असेल, तर होड्या मोजून सांगा. बाबा वाट पाहत आहेत.