नावातला किनारा

साहित्याच्या अभ्यासामुळे आम्हांला नावांचा मोह फार. ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ हे 1953 साली स्थापन झालेले अमेरिकी विद्यापीठांचे क्रीडामंडळ. 2024 मध्ये पॅसिफिककडील स्टॅनफर्ड आणि बर्कली त्यात दाखल झाली. त्याच वर्षी ‘बिग टेन’ची सभासदसंख्या 18 झाली! पूर्वी शेजार हाच अशा मंडळांचा मुख्य पाया असे. आता दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा नकाशा आखतो. फुटबॉलचा संघ बहुधा आठवड्यातून एकदाच खेळतो. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलींचे सामने त्याहून अधिक, आणि तेही तास चालू असताना. शब्दाचा अर्थविस्तार आम्ही वर्गात कौतुकाने शिकवतो. या विस्ताराची किंमत मात्र विद्यार्थी प्रवासात गेलेल्या तासांनी चुकवतात, हे आम्हांला नजरेआड करवत नाही.